डब्यावर हिरवं पान, आत काय?

रात्रीचे पावणेचार. रूममेटने मला हलवून उठवलं. ‘छातीत धडधडतंय गं, थांबतच नाहीये.’ तिच्या मनगटावरच्या घड्याळात पल्स 138 दिसत होता. हात गार, तळवे घामाने ओले. हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा आणि माण गाव जिथे एकमेकांत मिसळतात, तिथे आम्ही चौघी भाड्याने राहतो. तिची शिफ्ट रात्रीची, त्या आठवड्यात घरूनच काम होतं. कशीबशी रिक्षा मिळाली आणि आम्ही जवळच्या दवाखान्यात पोचलो.

डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, ‘काही घेतलंय का?’

‘नाही, काहीच नाही,’ ती म्हणाली.

ईसीजी झाला, दोन-अडीच तास झोपवून ठेवलं, ठोके हळूहळू खाली आले आणि उजाडल्यावर आम्ही घरी परतलो. चहा ठेवताना फ्रिजवरचा एक डबा माझ्या नजरेस पडला. त्याच्यावर हिरवं पान, खाली मोठ्या अक्षरात ‘नॅचरल एनर्जी, फॅट बर्नर’. तो तिने जिममधून घेतला होता. ‘आणि हे काय?’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘ते हर्बल आहे. ते काय घेणं झालं का?’

ती डॉक्टरांशी खोटं बोलली नव्हती. तिच्या डोक्यात ‘घेणं’ म्हणजे गोळी, दारू नाहीतर ड्रग्ज. पानाचं चित्र असलेली कॅप्सूल त्या यादीत नव्हतीच. आपल्यापैकी बहुतेकांच्या यादीत ती नसते. सगळा घोळ नेमका इथेच आहे.

एकाच रेणूची चार नावं

त्या डब्यावरची घटकांची यादी मी नंतर निवांत वाचली. कॅफिन अ‍ॅनहायड्रस. गुराना सीड एक्स्ट्रॅक्ट. ग्रीन कॉफी बीन एक्स्ट्रॅक्ट. ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट. वाचताना वाटतं, किती वेगवेगळ्या वनस्पती! प्रत्यक्षात या चारही नावांमागे उत्तेजना देणारा मुख्य रेणू एकच आहे, तो म्हणजे कॅफिन. गुराना ही अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली वेल. तिच्या बियांमध्ये कॉफीच्या बियांपेक्षा साधारण दुप्पट कॅफिन असतं. डब्यावर मात्र मिलिग्रॅमचा आकडा फक्त पहिल्या नावापुढे होता, दोन कॅप्सूलमध्ये 200. बाकीच्या तिघांत मिळून कॅफिन किती, ते कुठेच लिहिलं नव्हतं.

आता त्या रात्रीचा हिशेब मांडू. दोन कॅप्सूल म्हणजे 200 मिलिग्रॅम. जेवणानंतर एनर्जी ड्रिंकची 250 मिलिलिटरची बाटली. आपल्याकडच्या नियमानुसार अशा पेयात लिटरमागे 300 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, म्हणजे बाटलीत 75 पर्यंत. वर इन्स्टंट कॉफीचे दोन मग, प्रत्येकी साधारण 60. बेरीज 395. धडधाकट माणसासाठी दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सहसा धोक्याचं नाही, असं युरोपची अन्न सुरक्षा संस्था सांगते, आणि एका वेळी 200 पर्यंत. माझ्या रूममेटने दिवसभराचा कोटा चार तासांत संपवला होता. तोही गुराना, ग्रीन कॉफी आणि ग्रीन टी न धरता.

कॅफिन ताकद देत नाही, ते थकव्याचा निरोप अडवतं. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि ‘आता झोप’ असं सांगत राहतं. कॅफिन त्याची खुर्ची अडवून बसतं. अ‍ॅडेनोसिन काही कुठे जात नाही, ते दाराबाहेर उभं राहतं. म्हणून कॅफिन उतरल्यावर माणूस एकदम गळून जातो. शरीरातलं निम्मं कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींच्या शरीरात तर ते आणखी रेंगाळतं. म्हणजे रात्री दहाची कॅप्सूल पहाटे तीनलाही अर्धी शिल्लक असते.

परंपरा खरी, डोस नवा

‘पण हे हजारो वर्षांपासून वापरतात’ हा जिममधला आवडता युक्तिवाद. त्याला उत्तर म्हणून एफेड्राची गोष्ट पुरेशी आहे.

एफेड्रा ही झुडपासारखी वनस्पती. चिनी वैद्यकात ‘मा हुआंग’ म्हणून ती दमा-सर्दीवर वापरली जायची. हिमालयात वाढणाऱ्या तिच्या एका जातीला आपल्याकडे सोमलता म्हणतात. तिच्यात एफेड्रिन असतं, जे श्वासनलिका मोकळी करतं, पण त्याचबरोबर हृदयाचे ठोके आणि रक्तदाबही वाढवतं. 1990च्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी तिचा अर्क कॅफिनसोबत कॅप्सूलमध्ये भरला आणि वजन घटवण्यासाठी, वर्कआउटसाठी विकायला सुरुवात केली. वैद्याने दमेकऱ्याला चार दिवस दिलेला काढा आणि व्यायामाआधी रोज घेतलेली कॅप्सूल, दोन्हींत वनस्पती तीच. पण मात्रा वेगळी, जोडीदार वेगळा, घेणारा माणूसही वेगळा. परंपरेची ग्वाही पहिल्या वापराला आहे, दुसऱ्याला नाही.

17 फेब्रुवारी 2003 रोजी स्टीव्ह बेकलर हा बाल्टिमोर ओरिओल्स संघाचा बेसबॉलपटू उष्माघाताने गेला. आदल्या दिवशी फ्लोरिडात सराव करताना तो कोसळला होता. वय 23. त्याला रक्तदाबाचा त्रास होता, वजन कमी करायचं म्हणून तो नीट जेवत नव्हता आणि एफेड्रा असलेलं सप्लिमेंट घेत होता. या मृत्यूला एफेड्राचा हातभार लागला, असा निष्कर्ष शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी काढला. त्याच वर्षी झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं की एफेड्राने महिन्याला जेमतेम एक किलो वजन जास्त घटतं, पण धडधड, उलट्या, मानसिक त्रास अशा तक्रारींची शक्यता दुप्पट-तिप्पट होते. अखेर 2004मध्ये अमेरिकेने एफेड्रिन असलेल्या सप्लिमेंटवर बंदी घातली.

हे तिकडचं म्हणून सोडून देता येत नाही. एप्रिल 2016मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या एका कारखान्यातून टनावारी एफेड्रिन जप्त केलं होतं, तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर ‘ड्रग्ज’ हाच शब्द होता. एफेड्रिनपासून मेथॅम्फेटामिन बनवता येतं, म्हणून त्याच्यावर एवढी नजर असते. तोच रेणू पानाचं चित्र लावून आला की आपण त्याला ‘नॅचरल’ म्हणतो.

एफेड्रा गेल्यावर कंपन्यांनी फक्त वनस्पती बदलली. बिटर ऑरेंज, म्हणजे कडू संत्र्याचा अर्क आला. त्यातलं सिनेफ्रिन हे रचनेने एफेड्रिनच्या जवळचं. आफ्रिकेतल्या योहिम्बे झाडाच्या सालीचा अर्क आला. त्यातलं योहिम्बिन रक्तदाब वाढवतं आणि जिवाची घालमेल करतं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या योहिम्बेच्या 49 ब्रँडची तपासणी झाली, तेव्हा योहिम्बिनचं प्रमाण आणि त्याचे दुष्परिणाम या दोन्हींची नीट माहिती देणारे फक्त दोन निघाले. एकोणपन्नासात दोन!

जे लेबलवर नसतंच

इथपर्यंत निदान लेबल वाचून काहीतरी कळतं. खरी पंचाईत पुढे आहे.

2012च्या लंडन मॅरेथॉनमध्ये 30 वर्षांची क्लेअर स्क्वायर्स शेवटच्या मैलात कोसळली आणि वारली. तिने पाण्याच्या बाटलीत एका प्री-वर्कआउट पावडरचा स्कूप टाकला होता. त्यात डीएमएए होतं. हे उत्तेजक जिरेनियमच्या झाडातून काढलंय, असं विक्रेते सांगायचे. खरं तर ते 1940च्या दशकात नाक मोकळं करणारं औषध म्हणून प्रयोगशाळेत तयार झालेलं रसायन. झाडाचं नाव नुसतं चिकटवलेलं. भारतालाही त्याचा झटका बसला होता. 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर आपले अनेक खेळाडू याच द्रव्याच्या चाचणीत सापडले.

आणि आठवते का ती सुवर्णपदक जिंकणारी रिले टीम? 2010च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 4×400 मीटरमध्ये भारताच्या मुलींनी सोनं आणलं. पुढच्याच वर्षी त्यातल्या अश्विनी अक्कुंजी, मनदीप कौर आणि सिनी जोस यांच्यासह सहा धावपटूंच्या चाचणीत स्टेरॉइड सापडलं. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही फक्त प्रशिक्षकाने आणलेलं जिनसेंग घेतलं, आत काय होतं ते आम्हाला माहीत नव्हतं. भारतातल्या समितीने एक वर्षाची बंदी घातली, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने 2012मध्ये ती दोन वर्षांची केली. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर क्रीडा लवादापुढे पुरेसं ठरलं नाही. आपल्या हृदयापुढे, यकृतापुढे तर ते अजिबात चालत नाही.

मुंबईतलं उदाहरण आणखी जवळचं. करोनाकाळात घरोघरी गुळवेल उकळली जात होती. 2020च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. डॉक्टरांनी 2021मध्ये हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की ही गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकेल. वाद बाजूला ठेवू. पण मंत्रालयाचा मुद्दा खरा धरला तरी प्रश्न उरतोच. नेमकी कोणती वेल पोटात जातेय हे घेणाऱ्याला कळणार कसं?

कायद्याला सिरिंज दिसते, स्कूप दिसत नाही

गेल्या काही वर्षांत पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात मेफेंटरमाइन इंजेक्शन विकणाऱ्यांना पोलिसांनी अनेकदा पकडलंय. ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब खाली गेला तर वर आणण्यासाठी वापरायचं हे औषध, जिममध्ये ‘पंप’ येण्यासाठी टोचलं जातं. अशा कारवाया हव्यातच. जुलै 2024मध्ये तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत जाहीर केलं की शाळेपासून 500 मीटरच्या आत जास्त कॅफिन असलेली एनर्जी ड्रिंक विकायला बंदी केली जाईल. तेही बरोबर.

पण या दोन टोकांच्या मधली जागा बघा. एका टोकाला सिरिंज, दुसऱ्या टोकाला शाळकरी मुलगा. मध्ये विशीतले आपण, आणि जिमच्या काउंटरवरचा डबा. तो डबा बेकायदा नाही. त्याच्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो किंवा आयुर्वेदिक औषधाचा परवाना. म्हणजे तो एकतर अन्न म्हणून आलाय किंवा पारंपरिक औषध म्हणून. नव्या अ‍ॅलोपॅथी औषधाला दुकानात येण्याआधी माणसांवरच्या चाचण्यांची एकेक पायरी चढावी लागते. सप्लिमेंटला तशी परीक्षा नाही. परवाना सांगतो की बनवणाऱ्याची नोंद आहे आणि त्याने नियम पाळायचे आहेत. ‘तुझ्या हृदयाला हे झेपेल’ असं परवाना सांगत नाही. हेल्थ सप्लिमेंटच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ हे वाक्य छापणं नियमांनुसार बंधनकारक आहे. ते बारीक अक्षरात मागे असतं आणि पान समोर असतं.

धोका किती मोठा, याचा अंदाज अमेरिकेतल्या एका अभ्यासावरून येतो. तिथल्या 63 रुग्णालयांची दहा वर्षांची नोंद तपासून 2015मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने सांगितलं की सप्लिमेंटमुळे दरवर्षी सुमारे 23 हजार वेळा लोकांना इमर्जन्सीत जावं लागतं. धडधड, छातीत दुखणं अशा तक्रारी घेऊन आलेल्यांपैकी जवळपास 72 टक्के प्रकरणांत वजन घटवणारी किंवा एनर्जी देणारी उत्पादनं होती. आणि यातले निम्म्याहून जास्त रुग्ण 20 ते 34 वयाचे. म्हणजे आपल्याच वयाचे. हे आकडे मिळाले, कारण काय घेतलं होतं ते केसपेपरवर लिहिलं गेलं. माझ्या रूममेटच्या केसपेपरवर मात्र ‘काही नाही’ एवढंच लिहिलंय.

थकवा कुणाचा?

आता ‘आजकालच्या मुलांना शॉर्टकट हवेत’ असं म्हणून विषय संपवता येईल. मला तो संपवायचा नाही. माणमध्ये सकाळी सहाला रस्त्यावर उभं राहिलं की तीन रांगा दिसतात. नाइट शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमधून उतरणारे, दिवसाची शिफ्ट गाठायला निघालेले आणि पोलीस भरतीसाठी रस्त्याच्या कडेने धावणारे. चाकणच्या कारखान्यांत आठवड्याला शिफ्ट बदलते, त्यामुळे झोपेला घड्याळच राहत नाही. वर हिंजवडीच्या चौकातला ट्रॅफिक. इथली मुलं डबा उघडतात ती सिक्स पॅकसाठीच असं नाही. कित्येकदा ती फक्त पुढचे आठ तास डोळे उघडे राहावेत म्हणून उघडतात.

म्हणूनच हा डबा जास्त धोक्याचा आहे. कमी झोप, उपाशीपोट आणि वर उत्तेजक, हे तिन्ही एकत्र येतात. भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी त्यात ऊन मिळवा. उत्तेजक द्रव्यं शरीरातली उष्णता वाढवतात, काही द्रव्यं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे ती उष्णता बाहेर पडत नाही. आणि दमल्याची जाणीव दाबली गेल्याने माणूस थांबायला हवं तिथे थांबत नाही. 2014च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवारांचे मृत्यू झाले होते. त्यांचा उत्तेजकांशी संबंध होता, असं अजिबात नाही. नुसतं ऊन आणि नुसती धाव किती घातक ठरू शकते, हे मात्र तेव्हा सगळ्या राज्याने पाहिलं. त्यात एक स्कूप टाकायची गरज नाही.

थकव्यावर उपाय झोप, पोटभर जेवण आणि माणसाला झेपेल असं शिफ्टचं वेळापत्रक. पहिले दोन थोडेफार आपल्या हातात, तिसरा कंपनीच्या. कॅप्सूल या तिन्हींपैकी काहीच देत नाही.

डबा हातात घेतल्यावर

▪ घटकांच्या यादीत कॅफिन, गुराना, ग्रीन कॉफी, ग्रीन टी, कोला नट, येर्बा माते ही नावं एकत्र मोजा. रेणू एकच आहे. दिवसभराचा चहा, कॉफी, कोल्ड्रिंकही त्यात धरा.

▪ ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ लिहून फक्त एकूण वजन दिलं असेल, तर आत कशाचं किती आहे ते तुम्हाला कळणार नाही. असा डबा ठेवून द्या.

▪ एफेड्रा, डीएमएए, योहिम्बे, बिटर ऑरेंज किंवा सिनेफ्रिन दिसलं तर घेऊ नका. एफएसएसएआय किंवा आयुर्वेदिक परवान्याचा क्रमांक नसलेला, सुटा किंवा पुड्या बांधून विकलेला माल तर नाहीच.

▪ रक्तदाब, हृदयाचा किंवा थायरॉइडचा त्रास, गरोदरपण, नैराश्यावरच्या किंवा सर्दीच्या गोळ्या, दम्याचा पंप यापैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जिम ट्रेनर डॉक्टर नसतो.

▪ छातीत दुखणं, न थांबणारी धडधड, चक्कर, उन्हात घाम येणं बंद होणं, बोलताना गोंधळणं, डोळे किंवा लघवी पिवळी होणं, यातलं काही झालं तर वाट बघू नका. 108ला फोन करा.

▪ त्रास झाला तर कळवा. औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-3024. राज्याचं अन्न व औषध प्रशासन 1800-222-365.

ता. क.

चार दिवसांनी फेरतपासणीसाठी आम्ही पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. या वेळी रूममेटने पर्समधून डबा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी चष्मा वर करून मागची बारीक अक्षरं वाचली, मग केसपेपर पुढे ओढला आणि ‘काही नाही’ खोडून त्या जागी चार नावं लिहिली.

डबा आता आमच्या कचऱ्याच्या बादलीत आहे. नाइट शिफ्ट मात्र अजून चालूच आहे.